गच्चीवर चढून तपासलेला आकडा

सौर छताच्या मार्गदर्शिकेच्या कच्च्या मुद्रितावरचा ‘सात’ हा आकडा फिकट होऊ लागला, तेव्हा संपादक कुंदाताईंसमोर निवृत्त मुख्याध्यापक उपळावीकर बसले होते. निवृत्तीची सारी पुंजी छतावर घालावी की नाही, हे ते त्या आकड्यावरून ठरवणार होते.

“सात वर्षांत खर्च वसूल, हे तपासलं कोणी?”

“मीच, ताई,” उपसंपादक नचिकेत म्हणाला. “आपण नमुना म्हणून घेतलेल्या घराच्या मालकांना फोन केला होता.”

“नियम फोन करण्याचा आहे की गच्चीवर चढण्याचा?”

नचिकेत त्या घराकडे निघाला.

संपादकांच्या सदसद्विवेकावर तीस वर्षे विसंबून पाहिल्यावर सरकारने सगळ्या छपाईला सक्तीच्या केलेल्या एका खास शाईवर विसंबायचे ठरवले होते. घराच्या मीटरशी न जुळणारा आकडा ही शाई धरून ठेवत नसे. उपळावीकरांच्या पिशवीतल्या विक्रेत्याच्या पुस्तिकेत त्यामुळे ‘हमखास’, ‘भरघोस’ आणि ‘अविश्वसनीय’ एवढेच शिल्लक होते. विशेषणांना मीटर नसतो.

तासाभराने नचिकेतचा फोन आला; कुंदाताईंनी तो स्पीकरवर घेतला. “ताई, पाण्याच्या टाकीची सावली दुपारभर दोन पॅनेलांवर पडते. नऊ वर्षं धरा.”

कुंदाताईंनी त्याच शाईने ‘नऊ’ लिहिले. अक्षरे काळीभोर झाली आणि तशीच राहिली.

“निराश झालात, सर?”

“छे हो! जो तो तीन वर्षं सांगत होता, त्यानेच झोप उडाली होती.” उपळावीकर कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. “नऊ असतील, तर निम्मीच पुंजी घालतो. आणि त्याआधी आमची टाकी हलवतो.”