कुरतडलेल्या बरगड्या

"झोप त्या बाकावर. मोजे काढ," डॉक्टर पाल्मारेसबाई म्हणाल्या.

आर्नेल निमूट आडवा झाला. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या दवाखान्यातल्या तपासणीत पास झाला तर तेलाच्या जहाजावर नोकरी, नापास झाला तर पुन्हा काकाची ट्रायसिकल रिक्षा हाकायची. जुन्या खोकल्याचा डाग एक्स-रेत दिसेल, ही धास्ती होतीच. सोबतीला धाकटा भाऊ जोवेन आला होता. दोघांचं नाक एका साच्यातलं. नर्सबाई सकाळपासून दोघांत गोंधळत होती, शेवटी वैतागून नुसते नंबर पुकारायला लागली.

"फुफ्फुसं लख्ख आहेत," बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "पण या बरगड्या बघ. खालून उंदरानं कुरतडल्यासारख्या."

"म्हणजे?"

"हृदयातून निघणारी मोठी नळी जन्मापासून एका जागी आवळलेली. मग रक्त आडवाटेनं जातं. त्या वाटा फुगतात, हाडं झिजवतात. खेळताना पाय भरून येतात का रे?"

आर्नेलनं दाराकडे पाहिलं. "येतात. डोकंही ठणकतं."

"आणि घरी सांगितलं नाहीस?"

"सांगून झालं. सगळे आळशी म्हणून चिडवतात." त्यानं मान वळवली.

बाईंनी त्याच्या घोट्यापाशी बोटं टेकवली. कपाळाला आठ्या पडल्या. "अगं बाई! पायाची नाडी तर ढोलासारखी वाजतेय. आवळलेल्या नळीत अशी लागायची नाही. फोटो दुसऱ्याच कुणाचा आलाय. टाकते हा कचऱ्यात, तुझा नवा काढू. सुटलास बघ!"

आर्नेल हसला नाही. "तसंच राहिलं तर काय होतं, डॉक्टरबाई?"

"नळी फुटते एखाद दिवशी. ऐन तरुणपणी, खेळता खेळता."

"आणि ऑपरेशन केलं तर?"

"नातवंडं खेळवशील. पण तुला कशाला हवीय ही पंचाईत?"

आर्नेल उठून बसला. "भाऊ बाहेर आहे. त्याला बोलवू?"

जोवेन तोंडात सिओपावचा सारण भरलेला पाव कोंबतच आत आला. "काय दादा, नापास? सांगत होतो ना, चर्चमध्ये मेणबत्ती लावून ये. ऐकशील तर शपथ!"

आर्नेल बाकावरून उतरला. जोवेनचा खांदा धरून त्याला तिथं बसवलं. डोळ्यांत बघायचं धाडस मात्र झालं नाही.

"नाडी याची बघा, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "माझा नंबर घेऊन एक्स-रेच्या मशीनपुढे हा उभा राहिला होता."