नावाचा ग्लास

“पहिले तुझा घेतो,” किसन म्हणाला, आणि स्टीलचा कोरा ग्लास त्याने मांडीवर आडवा धरला. “काय लिहू? प्राध्यापक संबोधी किसन वानखेडे? पूरं येईल. जागा भरपूर आहे.”

मिलला कुलूप लागल्यापासून किसन बर्तन बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालत असे. लग्नातल्या कळशा, बारशाच्या वाट्या, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली पातेली. आजवर गावभरच्या लोकांची नावं घातली. घरचं नाव आज पहिल्यांदा, आणि तेही युनिव्हर्सिटीत जाणारं. आनंदाच्या भरात त्याने मशीनची स्वच्छ वायर उगाच पुन्हा पुसली.

ग्लास संबोधीनेच आणले होते. प्राणिशास्त्र विभागातून प्लास्टिकचे कप घालवायचे म्हणून ती वर्षभर सगळ्यांच्या मागे लागली होती. चहा पिऊन झाला की कप खिडकीबाहेर, अशी तिथली रीत. मागच्या डबक्यातून एके काळी वर्गासाठी बेडूक धरून आणत. आता तिथे नुसते पांढरे कप तरंगत होते. जन्मभर बेडूक शिकवणाऱ्यांना बेडूक गेल्याचा पत्ता नव्हता, धन्य आहे! अखेर विभागप्रमुख वसुंधरा मॅडम राजी झाल्या. स्टीलचे ग्लास आणा म्हणाल्या, फक्त ज्याच्या त्याच्या ग्लासवर ज्याचं त्याचं नाव घाला, हायजीनच्या दृष्टीने बरं.

संबोधी लगेच हो म्हणाली होती. प्लास्टिक जातंय ना, मग झालं. पण आज निघताना कुमुदिनी मॅडमनी तिला जिन्यात गाठलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, “फार छान केलंस हं. मतलब, प्लास्टिक यायच्या आधी आपल्याकडे जरा ऑकवर्ड व्हायचं ना, कोणाचा कप कोणाकडे. आता नावं असली की टेन्शनच नाही.”

संबोधीला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला होता. कप फेकायचाच असला की तो कुणी उष्टावला हे कुणी बघत नाही. धुऊन पुन्हा वापरायचा असला की बघतात. एवढी शिकूनसवरून ही गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. प्लास्टिक तर जायलाच हवं होतं. पण त्याच्या जागी काय येणार, ते आता या पायरीवर ठरणार होतं.

“बाबा, थांबा जरा. नावं नका घालू.”

मशीनची घरघर थांबली. “का? अक्षर बिघडेल वाटतं माझं?”

“तसं नाही हो. सगळ्या ग्लासांवर एकच घाला. प्राणिशास्त्र विभाग. बस.”

किसनचा चेहरा उतरला. “अगं, मिलच्या कॅन्टीनमध्ये आमच्या लोकांचे कप वेगळे, खिडकीत ठेवलेले असायचे. त्यांच्यावर नाव-बिव काही नाही, तरी सगळ्यांना मालूम, कोणाचे आहेत ते. आणि आता माझ्या पोरीचं नाव, पूरं, तिच्या मॅडमच्या नावाबरोबर एका ट्रेमध्ये येईल. मला पाहू दे ना बेटा.”

“नाव घातलं की माझा ग्लास परत खिडकीतच जाईल, बाबा.”

तो हातातला ग्लास नुसता फिरवत राहिला.

“आणि मॅडमने पूछलं तर?”

“सांगीन, मीच नको म्हटलं.”

“तुझी नोकरी पक्की नाही झाली अजून.”

“माहीत आहे.”

किसनने मशीन सुरू केलं. प्राणिशास्त्र विभाग, प्राणिशास्त्र विभाग. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, पण त्यात त्याचं मन नव्हतं. ते पोरीला दिसत होतं आणि तिला फार वाईट वाटत होतं.

सोमवारी चहा आला तेव्हा वसुंधरा मॅडमनी ग्लास फिरवून पाहिला. “संबोधी, नावं कुठे आहेत?”

“मीच नको म्हटलं, मॅडम. धुतला की कुणीही कुठलाही घ्यावा.”

मॅडम हं म्हणाल्या. ग्लास नवेकोरे होते, सगळे मजेत चहा प्याले.

मंगळवारी तेच ग्लास धुऊन पुन्हा ट्रेमध्ये आले. काल कुणी कोणता घेतला होता, ते सांगायला काही खूण नव्हती. सगळे ट्रेकडे बघत बसले. शरच्चंद्र सरांना एकाएकी वर्तमानपत्रात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. वसुंधरा मॅडमनी एकदा संबोधीकडे पाहिलं, हाताशी आला तो ग्लास उचलला आणि फुंकर घालून घोट घेतला. मग सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग एकेक करत बाकीचे हात पुढे आले.

“मला नको गं,” कुमुदिनी मॅडम म्हणाल्या. “आज अंगारकी आहे ना. उपास.”

मागच्या संकष्टीला याच खुर्चीत बसून त्यांनी प्लास्टिकच्या कपातून चहा घेतला होता, आणि वर आणखी मागून घेतला होता. ते तिथे बसलेल्या सगळ्यांनाच आठवत असणार. कुणी हसलं नाही.

ट्रेमध्ये एक ग्लास उरला होता. संबोधीने तो उचलला, कुमुदिनी मॅडमच्या पुढ्यात ठेवला आणि त्यावर बशी झाकली.

“असू द्या मॅडम,” ती म्हणाली. “उपास सुटला की घ्या. मी गरम करून देईन.”