दुसरी सीडी

“बाबा, हातात मावणारा गेमिंग पीसी घेतलाय. त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकायचंय,” मी फोनवर सांगितलं.

एरवी आमचं बोलणं ‘जेवलीस का’पासून ‘ठेवतो’पर्यंत दीड मिनिटात आटोपतं. आज मात्र पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“काय दिसतंय ते सांग.”

“निळी स्क्रीन. भाषा विचारतंय.”

“बाणाचं बटण दाबत खाली जा. घाई करू नकोस.”

मग डिस्कचे भाग पाडून झाले. “मोठा भाग तुझ्या फायलींना ठेव, नाहीतर नंतर रडत येशील.” मग पासवर्ड झाला. “कागदावर लिहून ठेव. तुझ्या डोक्याचा भरवसा नाही.” पाऊण तास झाला तरी बाबांना ‘ठेवतो’ म्हणायची आठवण झाली नव्हती.

“हं, आता काय म्हणतंय?”

“आता दुसरी सीडी मागतंय,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

माझ्या हातातल्या यंत्रात सीडी घालायला जागाच नव्हती. लिनक्सही त्यावर सकाळीच बसलं होतं, वीस मिनिटांत, कुठेही न अडता. मी सांगत होते त्या स्क्रीन आम्ही दोघांनी एका स्टुलावर दाटीवाटीने बसून पाहिल्या होत्या, घरात पहिला कम्प्युटर आला आणि त्यावर सीडीवरून लिनक्स टाकलं तेव्हा. मी चौथीत होते.

पलीकडे खुर्ची आणखी जवळ ओढल्याचा आवाज आला.

“मग घाल की,” बाबा म्हणाले. “पण फ्रॉकला पुसू नकोस. मागच्या वेळी ओरखडा पडला होता.”