साखर उतरली असेल

शालिकरामांना सुई टोचून बराच वेळ झाला होता आणि ताटातली पोळी जशीच्या तशी होती. पुष्पलताबाई नळावरून दोन बादल्या भरून आल्या, ताट पाहिलं आणि बादल्या तिथंच आदळल्या. इन्सुलिन घेतलं की लगेच जेवायचं, हे त्या नवऱ्याला रोज कानीकपाळी ओरडून सांगत. पालथ्या घड्यावर पाणी.

"अजी, जेवले काहून नाही?"

"जेवलो ना," शालिकराम खाटेवरून म्हणाले.

हा माणूस हल्ली जेवून उठला की जेवलोच नाही म्हणायचा आणि उपाशी असला की जेवलो म्हणायचा. लपवलेली साखर शोधायला मात्र डोकं तल्लख. डबा आधी तांदळात होता, मग कोळशाच्या टोपलीत, आता खाटेखालच्या ट्रंकेत कुलपात. मिशीला कण दिसले की पुष्पलताबाई तोंडाचा पट्टा सोडायच्या आणि तो शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून ऐकायचा. जीव मेटाकुटीला आला होता त्यांचा.

त्यांनी घास मोडला आणि नवऱ्याच्या तोंडाशी नेला. शालिकरामांनी मान मागे घेतली.

"कोण पाहिजे तुम्हाले?"

पुष्पलताबाईंच्या हातातला घास खाली पडला. पण लगेच त्या सावरल्या. होळीला असंच झालं होतं. जेवणाला उशीर झाला आणि यांना दरदरून घाम फुटला, बायकोलाच आई म्हणून हाका मारायला लागले. डॉक्टर म्हणाले होते, साखर एकदम उतरली की मेंदू उपाशी राहतो. चमचाभर साखर तोंडात घाला, माणूस ठिकाणावर येतो. आणि आलाही होता. आल्याआल्या चहा फिका म्हणून भांडला होता.

साखर उतरली असेल. दुसरं काय.

कमरेची किल्ली काढून त्यांनी ट्रंक उघडली, पेलाभर पाण्यात साखर विरघळवली आणि पेला नवऱ्याच्या ओठाला लावला. शालिकराम मिटक्या मारत प्यायले. त्या समोर बसून वाट पाहू लागल्या. शुद्धीवर आला की आधी चांगलं फैलावर घ्यायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. घाम नव्हता. मग त्यांनी आणखी एक चमचा साखर कोरडीच त्याच्या तोंडात घातली.

तेवढ्यात शेजारची अरुंधती दारात आली. गल्लीत फ्रीज तिच्याच घरी, म्हणून इन्सुलिनची बाटली तिच्याकडे राहायची. आज तिच्या हातात शालिकरामांच्या चपला होत्या.

"काका आमच्या घरीच चपला विसरले, काकू. तुम्ही नळावर होत्या ना, तवा आले. म्हणे, घरी कोणी जेवाले देत नाही. तीन पोळ्या खाल्ल्या, वरून शिरा."

एरवी असलं ऐकून पुष्पलताबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. गल्लीभर अब्रूचं खोबरं करतो हा माणूस. पण आता राग येता येईना. म्हणजे तो खरं बोलला होता. जेवला होता.

"शिरा थोडासाच खाल्ला असन," त्या म्हणाल्या. "नाही का वं?"

"दोन वाट्या खाल्ला ना."

अरुंधती चपला ठेवून गेली. पुष्पलताबाई रिकामा पेला मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिल्या. ताट उचलायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शालिकरामांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि जरा जवळ सरकून हळूच म्हणाले,

"बाई, आमच्या घरची येईन आता नळावरून. साखर देल्ली म्हणून तिले नका सांगजा. लय बोलते थे."

"नाही सांगत जी," पुष्पलताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मिशीला राहिलेला एक कण त्यांनी पदरानं पुसून घेतला.