नाचरी मैना

कोंडाजीची घोडी मैना ताशाच्या तालावर अशी लचकत चाले, की तिच्याशिवाय परंदवडीतली एक वरात निघत नसे. लोणावळ्याला बंगला बांधून राहिलेले जनावरांचे डॉक्टर मात्र तिला बघून कळवळले. "अहो, ही नाचत नाही, लंगडते! जन्मापासून हिचा खुबा अधू आहे. पावलापावलाला कळ येते."

"आन् आमी शिट्ट्या मारल्या, बाई!" कोंडाजीनं मैनेच्या गळ्यालाच मिठी घातली.

डॉक्टरांनी भूल देऊन खुब्यातलं घासणारं हाड कापून काढलं. लग्नसराईत मैना पुन्हा वरातीला उभी राहिली, आणि ताशा कडाडला तशी सरळ, सुखानं चालू लागली.

नवरदेवाचा मामा तणतणत आला. "काय भाऊ, ही तर नाचतच नाही! आमच्याच वरातीला बरी अधू घोडी आणलीत!"