मोकळी वाट

शेजारच्या भावकूची बैलगाडी गेली दोन वर्षं मालुबाईच्या फाटकाला आडवी उभी असे. त्यावरून झालेल्या शेवटच्या भांडणानंतर दोन्ही घरांत बोलणंच बंद झालं होतं. आज मात्र मालुबाईला स्वतःची गाडी बाहेर काढायची होती. सून दोन दिवस तापाने पडली होती. तिला बेळगावला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

तिने फाटक उघडलं, तर समोर वाट मोकळी.

"शेवटी लाजला गं मुडदा!" ती समोरून येणाऱ्या शालूबाईला म्हणाली.

शालूबाईच्या डोक्यावर वळकटी होती. "लाजतोय कुठला, आक्का! पोराबाळांसकट कालच मळ्यात राहायला गेला तो. आठ दिस झालं, त्याच्या घरात उंदीर मरून पडाय लागलेत. जाताना घरोघर सांगून गेला, तुम्हीबी गाव सोडा म्हणून."

"आमच्यात न्हाय आला."

"तुम्ही बोलत न्हाईसा न्हवं." शालूबाईने उघड्या फाटकातून आत पाहिलं. "सून कुठं दिसंना ती?"

 मालुबाई आत गेली आणि निजलेल्या सुनेच्या काखेत गाठ आहे का ते चाचपू लागली.