गोणपाटावरचं वजन

सत्त्याण्णव साली काटेवाडीच्या डेअरीत नवा काटा कॉम्प्युटरला जोडताना स्वरूपा जेरीस आली होती. कंपनीचा प्रोग्राम इतका भिकार, की वजन मागावं तर तारीख द्यायचा, आणि काहीही चुकलं तरी नुसतं ‘एरर’!

शेवटी कॅन घसरू नयेत म्हणून काट्यावर टाकलेल्या जाड गोणपाटावर ती स्वतःच चढली. पडद्यावर आकडा उमटला. बावन्न किलो!

“आलं, भीमाआबा, आलं!” टाळ्या पिटत ती खाली उतरली.

आकडा मात्र तसाच.

“मेल्याला शून्यावर यायला नको!” ती हसली.

“प्रोग्रामला बोलू नका, ताई,” डेअरीत दूध मोजणारे भीमाआबा काट्याकडं बघत पुटपुटले. “गोणपाट अजून दबल्यालंच हाय. दोन पावलांएवढं.”

आधी गोणपाटाची पलीकडची बाजू वर आली. मग स्वरूपाकडची.

पडद्यावर शून्य उमटलं.